पहिला बग कुठे नोंदवावा: गिम्प, क्रिटा की डार्कटेबल?

बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, जिथे दिसला तिथेच नोंदवायचा, मग निवडायचे काय? पण मुक्तस्रोत साधनांवर चित्रांचे काम करणाऱ्यांच्या संगणकावर गिम्प (चित्र-संपादन), क्रिटा (चित्रकला) आणि डार्कटेबल (फोटो-प्रक्रिया) ही तिन्ही बहुधा असतात, आणि तिन्हींबद्दल काही ना काही तक्रार मनात साठलेली असते. त्यांतली पहिली कोणती लिहून काढावी, हे ठरवायचे तर तिन्ही ठिकाणच्या रीती किती वेगळ्या आहेत ते पाहावे लागते. आमचे मत आधीच सांगून टाकतो. विंडोजवर सॉफ्टवेअर धाडकन बंद पडत असेल तर क्रिटापासून सुरुवात करा. देवनागरी मजकुराची अडचण असेल तर गिम्पपासून. डार्कटेबलपासून सुरुवात करायची तर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडण्याची तयारी हवी.

खाते आणि अर्ज

गिम्पच्या नोंदी ग्नोम या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या गिटलॅबवर (कोड आणि बगच्या नोंदी ठेवण्याचे स्थळ) असतात. २०१८ पूर्वी त्या बगझिला या जुन्या बग-नोंदणी प्रणालीवर होत्या, त्यामुळे जुन्या चर्चांतले दुवे वेगळे दिसतात. हे गिटलॅब ग्नोमचे स्वतःचे आहे. नेहमीच्या गिटलॅब डॉट कॉमवर गिम्प शोधत बसू नये. ‘न्यू इश्यू’ उघडले की तयार साचा समोर येतो: आवृत्ती, पॅकेज कुठून घेतले, ऑपरेटिंग सिस्टिम, बगचे वर्णन, तो दर वेळी घडतो की अधूनमधून की एकदाच, करून पाहण्याच्या पायऱ्या, काय व्हायला हवे होते आणि काय झाले. नवख्यासाठी तिघांतला हा साचा आम्हाला सर्वांत सरळ वाटतो.

क्रिटा हा केडीई या मुक्तस्रोत समुदायाचा प्रकल्प, आणि केडीई अजूनही बगझिलावरच आहे. तिथला अर्ज जुन्या सरकारी फॉर्मसारखा वाटतो, पण घाबरण्याचे कारण नाही. ‘हेल्प’ मेनूतून ‘रिपोर्ट बग’ दाबले तर उत्पादन आणि आवृत्ती आधीच भरलेली येते. घटक कोणता ते कळत नसेल तर ‘जनरल’ ठेवावे, तपासणारे योग्य जागी हलवतात. गांभीर्याच्या खान्यात मात्र ‘क्रॅश’ आणि ‘नॉर्मल’ याखेरीज काही निवडण्याच्या फंदात पडू नये. आपल्याला झालेला त्रास कितीही मोठा असला तरी ‘क्रिटिकल’ लावल्याने बग लवकर सुटत नाही, उलट कुणाला तरी तो खाली आणण्याचे काम लागते. आणि नव्या सुविधेची मागणी असेल तर ती इथे नकोच. क्रिटाची मंडळी अशा सूचना क्रिटा आर्टिस्ट्स या त्यांच्या संवादस्थळावर मागतात.

केडीईच्या बगझिलात तुमचा ईमेल पत्ता इतर नोंदणीकृत वापरकर्त्यांना दिसतो, तशी सूचना तिथेच दिलेली आहे. ऑफिसचा किंवा घरातल्या सगळ्यांचा मिळून एक असलेला पत्ता वापरू नका, वेगळा काढा. तो काढला तरी नियमित उघडून बघा. का, ते पुढे येईलच.

डार्कटेबल गिटलॅबसारख्याच गिटहब या स्थळावर आहे. ज्यांचे गिटहब खाते आधीच आहे त्यांना इथे काहीच नवे उघडावे लागत नाही, हीच त्याची मोठी सोय. अर्ज मात्र लांबलचक: मेमरी किती, ग्राफिक्स कार्ड कोणते, त्याचा ड्रायव्हर (ते चालवणारे सॉफ्टवेअर) कोणता, ओपनसीएल (आकडेमोड कार्डावर नेणारी सोय) चालू की बंद. हे प्रश्न उगाच नाहीत. डार्कटेबल आकडेमोड ग्राफिक्स कार्डावर ढकलते, आणि ‘फोटोवर चौकटी-चौकटी दिसतात’ अशा तक्रारीमागे पुष्कळदा ड्रायव्हरच असतो.

पुरावा गोळा करणे

इथे क्रिटा बाकी दोघांच्या पुढे आहे. ‘हेल्प’ मेनूतच सिस्टिमची माहिती आणि क्रिटाचा लॉग (घडामोडींची नोंद) दाखवणारे पर्याय आहेत. कॉपी करायचे आणि नोंदीला जोडायचे. विंडोजवर क्रॅशचा लॉग क्रिटाक्रॅश नावाच्या फाइलमध्ये लोकल ॲपडेटा फोल्डरमध्ये आपोआप साठतो. ड्रॉइंग टॅबलेटचा बग असेल, म्हणजे दाब ओळखला जात नाही किंवा रेघ पेनापासून दूर उमटते, तर कंट्रोल-शिफ्ट-टी दाबून टॅबलेटच्या घटनांची नोंद सुरू करावी, दोन-तीन रेघा ओढाव्यात आणि ती नोंद जोडावी. त्याआधी टॅबलेटच्या सेटिंगमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक या टॅबलेट जोडण्याच्या दोन पद्धतींची अदलाबदल करून पाहावी. तसेच कॅनव्हास काळा पडत असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ओपनजीएल आणि अँगल या चित्र दाखवण्याच्या पद्धतींतला दुसरा पर्याय निवडून क्रिटा पुन्हा सुरू करावे. बदलाने फरक पडला तरी बग नोंदवायचाच. काय बदलल्यावर काय झाले ही एक ओळ पानभर वर्णनापेक्षा उपयोगी पडते.

गिम्प २.१० पासून कोसळताना स्वतःच एक खिडकी दाखवते. तिच्यात बगची माहिती कॉपी करण्याचे आणि नोंदणीचे पान उघडण्याचे बटण असते. लोक घाईने ती बंद करतात आणि मग ‘अचानक बंद पडले’ एवढेच लिहितात. लिनक्सवर त्या खिडकीत नीट माग (कोसळताना कोड कुठे होता ते) यायचा तर जीडीबी किंवा एलएलडीबी हे दोष शोधण्याचे साधन आधीपासून इन्स्टॉल असावे लागते. विंडोजवर गिम्पच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये क्रॅशलॉग नावाचा उपफोल्डर पाहावा.

डार्कटेबलला टर्मिनलमधून चालवावे लागते. ओपनसीएल बंद ठेवण्याचा पर्याय देऊन सुरू करा आणि तीच क्रिया करा. बग गेला तर संशय ग्राफिक्सवर, राहिला तर मॉड्युलवर, म्हणजे डार्कटेबलमधल्या त्या संपादन-साधनावर. दुसरी चाचणी कोऱ्या सेटिंगची: वेगळा रिकामा कॉन्फिग फोल्डर आणि फक्त मेमरीत राहणारी लायब्ररी (फोटोंची नोंदवही) देऊन चालवले की तुमच्या खऱ्या लायब्ररीला धक्का लागत नाही.

कोरी सेटिंग इतर दोघांतही तपासावी. गिम्पचा सेटिंगचा फोल्डर खोडू नका, नाव बदला. नाहीतर स्वतःचे ब्रश आणि प्लग-इन हातचे जातात.

नोंदवण्याआधी एवढे बघा

गिम्पमध्ये ब्रश उमटत नाही, तर निवड कुठेतरी शिल्लक आहे का, लेअरचा अल्फा (पारदर्शकता) लॉक आहे का, चित्र इंडेक्स्ड म्हणजे मोजक्या रंगांच्या मोडमध्ये आहे का, हे पाहावे. क्रिटात ‘ब्रश अचानक खोडतोय’ असे झाले तर बोट चुकून ‘ई’ या कळीवर पडले असण्याची शक्यता जास्त. ती खोडण्याची अवस्था चालू-बंद करते. गिम्प ‘सेव्ह’मधून जेपीजी का देत नाही, हा तर बगच नव्हे. २०१२ मधल्या २.८ आवृत्तीपासून ‘सेव्ह’ फक्त गिम्पच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारासाठी आणि बाकीचे ‘एक्सपोर्ट’ने, अशी ठरवून केलेली रचना आहे.

आवृत्तीही बघा. उबंटू २४.०४ च्या भांडारात गिम्प २.१० आहे, तर गिम्प ३.० मार्च २०२५ मध्ये आले. जुन्यावरचा बग नव्यात आधीच सुटला असेल तर तुमचाही वेळ जातो आणि त्यांचाही. फ्लॅटहब या लिनक्सच्या ॲप-भांडारातून नवे गिम्प घेऊन तपासावे. क्रिटासाठी लिनक्सवर त्यांची स्वतःची ॲपइमेज (इन्स्टॉल न करता चालणारी फाइल) घ्यावी. उबंटूसारख्या लिनक्स वितरणाने बांधलेल्या पॅकेजमधले दोष क्रिटाचे नसू शकतात.

देवनागरीचा बग

मराठी वापरकर्त्याची नोंद इथे सर्वांत मोलाची ठरते, कारण ‘हे अक्षर चुकीचे दिसतेय’ हे ओळखणारा डोळाच इतर तपासणाऱ्यांकडे नसतो. नुसता स्क्रीनशॉट देऊन भागत नाही. चार गोष्टी द्याव्यात: युनिकोडमधला मजकूर कॉपी करता येईल असा, फॉन्टचे नाव आणि आवृत्ती, चुकलेले चित्र, आणि तोच मजकूर तोच फॉन्ट दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बरोबर दिसत असल्याचे चित्र. शब्द छोटा निवडा: ‘दर्‍या’, ‘क्षितिज’, ‘कर्तृत्व’.

दोष कुणाचा हेही बऱ्यापैकी शोधता येते. गिम्प मजकुरासाठी पँगो आणि हार्फबझ या अक्षरे मांडणाऱ्या लायब्ररी (तयार कोडचे संच) वापरते. लिबरऑफिसही हार्फबझ वापरते. दोन्हीकडे अक्षर सारखेच तुटत असेल आणि फॉन्ट बदलल्यावर सुधारत असेल, तर फॉन्ट दोषी धरा. पँगो वापरणाऱ्या दुसऱ्या एखाद्या टेक्स्ट एडिटरमध्ये तुटते पण लिबरऑफिसमध्ये नाही, तर पँगो. फक्त गिम्पमध्येच, तर गिम्प. ल आणि श हिंदी वळणाचे येतात ही तक्रार वेगळी आहे: टेक्स्ट टूलच्या पर्यायांत भाषा मराठी करून पाहा, फॉन्टमध्ये सोय असेल तर वळण बदलते. आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर फॉन्ट बदलताच इंग्रजी अक्षरे दाखवत असेल, तर त्याला कोणतेच सॉफ्टवेअर जबाबदार नाही.

क्रिटाचे मजकुराचे इंजिन २०२३ मधल्या ५.२ आवृत्तीत नव्याने लिहिले गेले. त्यामुळे त्याआधीच्या आवृत्तीवरचे देवनागरी बग तिथे नोंदवण्यात आता अर्थ नाही. ५.२ किंवा पुढच्यावर जोडाक्षरात कर्सर चुकीच्या जागी थांबत असेल, तर मात्र जरूर लिहा.

लिहायचे इंग्रजीतच, पण साधे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इंटरफेस तात्पुरता इंग्रजी करून मेनूंची नावे तिथून घ्या. स्वतः भाषांतर केलेले मेनूचे नाव कुणालाच सापडत नाही.

फाइल जोडताना

तिन्ही ठिकाणी जोडलेली फाइल जगाला दिसते. ग्राहकाच्या लग्नाचा फोटो, फोटोत दडलेल्या एक्झिफ माहितीतले घराचे ठिकाण, सगळेच. गिम्प-क्रिटासाठी बग दाखवणारी छोटी नवी फाइल बनवावी. २०० लेअरच्या चित्रातून दोन लेअर उरेपर्यंत कमी करत गेले की पुष्कळदा कारणही सापडते. डार्कटेबलला कॅमेऱ्याची कच्ची रॉ फाइल आणि तिची एक्सएमपी (संपादनांची नोंद असलेली फाइल) दोन्ही लागतात, म्हणून भिंतीचा किंवा कुंडीचा नवा फोटो काढणे बरे. गिटहब रॉ फाइल थेट घेत नाही, झिप करावी लागते, आणि २५ एमबीची मर्यादा आहे. जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल त्यात मावत नाही, तेव्हा बाहेर ठेवून दुवा द्यावा.

फाइल उघडताच गिम्प कोसळते आणि ती कुणीतरी मुद्दाम बनवली असावी असा संशय असेल, तर गिटलॅबवर ‘कॉन्फिडेन्शियल’ची खूण करून नोंदवावे.

नोंद केल्यानंतर

खरा फरक इथे पडतो. केडीईच्या बगझिलात तुमच्याकडून काही माहिती हवी असेल तर नोंद ‘नीड्सइन्फो’ होते. १५ दिवस उत्तर आले नाही तर यंत्र ईमेलने आठवण करते, आणि एकूण ३० दिवसांनी नोंद आपोआप बंद होते. परीक्षेच्या आधल्या आठवड्यात क्रिटाचा बग टाकू नये तो यासाठी. माहिती दिल्यावर स्थिती पुन्हा ‘रिपोर्टेड’ करायलाही विसरू नये. नुसती टिप्पणी लिहून थांबणारे बरेच असतात. डार्कटेबलचे यंत्र बरेच सबुरीचे आहे, पण हालचाल नसलेल्या नोंदीवर तेही ‘शिळी’ अशी खूण लावते. गिम्पच्या नोंदी वर्षानुवर्षे उघड्या राहू शकतात. त्याने मन खट्टू होते, पण तुमचे पुरावे तिथेच सुरक्षित असतात, आणि नोंद गेगल किंवा बाबल या त्यांच्या सोबतच्या प्रकल्पात हलवली गेली तर ते नाकारणे नसते.

दुरुस्ती झाल्याचा निरोप आला की नवी आवृत्ती येण्याची वाट न पाहता रोज तयार होणारी चाचणी-आवृत्ती, म्हणजे नाइटली बांधणी, घेऊन तपासता येते. क्रिटाची विंडोजवरची नाइटली झिप इन्स्टॉल न करता चालते, डार्कटेबलच्याही नाइटली मिळतात, गिम्पची लिनक्ससाठी ग्नोमच्या नाइटली फ्लॅटपॅक भांडारात असते. डार्कटेबलची नाइटली खऱ्या लायब्ररीवर कधीच चालवू नका: ती डेटाबेस नव्या रूपात बदलते आणि मग तुमची नेहमीची आवृत्ती तो उघडत नाही. बग सुटलेला नसेल तर नवी नोंद न काढता त्याच नोंदीत बांधणीची तारीख आणि काय दिसले ते लिहावे.