चाको की कॅन्यन द शे?

अमेरिकेतल्या या दोन्ही दऱ्यांत प्यूब्लो या मूळनिवासी लोकांच्या पूर्वजांनी सोडून दिलेल्या वस्त्या आहेत, पण अनुभव अगदी वेगळा. न्यू मेक्सिकोतल्या चाकोला पोहोचणंच कठीण: शेवटचा रस्ता कच्चा, पावसात चिखलच, आत पेट्रोल किंवा खाणं मिळत नाही. पण एकदा पोहोचलात की प्यूब्लो बोनितो या प्राचीन दगडी इमारतीच्या खोल्यांतून स्वतः फिरता येतं. शेकडो खोल्या, काही भाग चार मजली, आणि तुळया दूरच्या डोंगरांतून माणसांनी वाहून आणलेल्या!

ॲरिझोनातल्या द शेमध्ये कड्याच्या कपारीतली घरं वरूनच, डांबरी रस्त्यालगतच्या थांब्यांवरून दिसतात. तळाशी उतरायला नावाहो या मूळनिवासी जमातीतला वाटाड्या लागतो. तिथे आजही नावाहो कुटुंबं शेती करतात. दुर्बीण न्याच. वेळ कमी असेल तर द शे. माझं मत मात्र चाकोला.