सत्राअखेरची एक फिल्म की दर आठवड्याची दोन मिनिटं?

व्हिडिओ निर्मितीचा पेपर हाती आला की हा प्रश्न येतोच. मुलांकडून सत्राअखेरीस पंधरा मिनिटांचा माहितीपट करून घ्यायचा, की दर आठवड्याला दोन मिनिटांचं काम देऊन तेच पुढच्या आठवड्यात पुन्हा करायला लावायचं? मी दोन्ही करून पाहिलंय.

मोठ्या फिल्मचं मोल आहेच. परवानग्या काढणं, अनोळखी माणसाचा विश्वास मिळवणं, चार तासांच्या फुटेजमधून गोष्ट काढणं, हे दोन मिनिटांच्या कामात शिकता येत नाही. नोकरीसाठी दाखवायलाही तीच कामी येते.

माझं मन फिरलं ते आवाजामुळे. एका गटाने मडकी घडवणाऱ्या आजींची मुलाखत आणली. फ्रेम सुरेख, उजेड सुरेख. एडिटला बसून हेडफोन लावला, तर आजींच्या बोलण्यावर पंख्याची घरघर. कॅमेऱ्याच्याच माइकवर, आठ फुटांवरून घेतलेला आवाज. घरघर काढायला सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शन लावलं तर आजी पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारख्या वाटायला लागल्या. सबमिशन परवावर आणि आजी लेकीकडे गेलेल्या. चूक कळली, पण सुधारायला वेळच नव्हता. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गटाचं हेच व्हायचं आणि मला ते फार लागायचं.

छोट्या कामात हीच चूक दुसऱ्या आठवड्यात होते आणि वर्गातल्या स्पीकरवर सगळ्यांना ऐकू येते. तिसऱ्या आठवड्यात तीच मुलं पंखा बंद करतात, कॉलर माइक लावतात, मीटरवर आवाजाची लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास धरतात, बोलणं संपल्यावर ३० सेकंद नुसता खोलीचा आवाज घेतात. शटरचं, म्हणजे कॅमेरा प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड घेतो त्याचंही तसंच. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइटखाली शटर १/५० सेकंद ठेवा, हे फळ्यावर कितीदा लिहिलं. स्वतःच्या शॉटमध्ये पट्टे सरकताना दिसले तेव्हाच ते पटलं.

दर आठवड्याला सगळ्यांची कामं बघून बोलणं दमवतं, हे खरं. साठ मुलं आणि शिक्षक एकटा असेल, तर कदाचित मोठ्या फिल्मकडेच वळावं लागेल. जमत असेल तर मात्र मी छोटी कामंच सुचवीन. मी पहिले दहा आठवडे त्यांना देतो, उरलेले आठवडे पाच मिनिटांच्या एका फिल्मला.

यंदाच्या फिल्मच्या वेळी एका मुलीने मुलाखत सुरू होण्याआधीच विचारलं, ‘‘काका, फ्रिज थोडा वेळ बंद करू का?’’ आणि परत चालू करायचं विसरू नये म्हणून स्वतःच्या स्कूटीची किल्ली त्यातच ठेवली.