एका जाड रोजकीर्दीऐवजी पाच पुस्तकं आणि एक खतावणी: शेती पाइपच्या दुकानातला वापरानंतरचा अनुभव

कराडजवळ आमचं शेती पाइप, फिटिंग आणि ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. काउंटर दीर बघतात, हिशेब माझ्याकडे. पूर्वी सगळं एकाच रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, उतरायचं. एप्रिल २०२५पासून मी उधार विक्री, उधार खरेदी, परत आलेला माल आणि रोख यांची पुस्तकं वेगळी केली. या चारांत न बसणाऱ्या नोंदींसाठी मुख्य रोजकीर्द ठेवली आणि सगळ्यांच्या मागे एक खतावणी, म्हणजे प्रत्येक खात्याला वेगळं पान असलेली वही. अकरावी कॉमर्सला यालाच सहाय्यक पुस्तकं म्हणून शिकवतात. आर्थिक वर्ष आणि उसाचा हंगाम असं दोन्ही या वह्यांवर काढल्यावर सांगते की उधारीचा धंदा असलेल्या प्रत्येक दुकानाने हे करावं.

खरी बचत खतवताना, म्हणजे नोंदी खतावणीत चढवताना होते. रोजकीर्दीत एका उधार बिलाला चार ओळी लागतात: गिऱ्हाइकाचं खातं नावे (डेबिट), विक्री जमा (क्रेडिट), सीजीएसटी म्हणजे केंद्राचा जीएसटी जमा, एसजीएसटी म्हणजे राज्याचा जमा, शिवाय खाली स्पष्टीकरण. विक्री पुस्तकात त्याच बिलाला एक ओळ पुरते. दहा हजारांचा पीव्हीसी पाइप गेला, की रकान्यांत १०,०००, ९००, ९०० आणि शेवटी ११,८००. त्या संध्याकाळी फक्त गिऱ्हाइकाच्या खात्यावर ११,८०० नावे पडतात. विक्री आणि कराच्या खात्यांवर महिनाअखेरीला रकान्याची बेरीज एकदाच जाते. महिनाभरात कितीही बिलं फाटोत, विक्री खात्यावर नोंद एकच.

शेवटच्या रकान्यात खा.पा., म्हणजे खतावणीचं पान. तो आधी भरून ठेवायचा नाही, खतावणीत रक्कम चढवल्यावरच भरायचा. मग रिकामा रकाना म्हणजे राहिलेली नोंद, इतकं सरळ होतं.

एक नियम मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे. विक्री पुस्तकात फक्त उधार गेलेला माल. रोखीची विक्री थेट रोख पुस्तकात. आणि दुकानातला जुना वजनकाटा उधारीवर विकला, तरी तो आपला विक्रीचा माल नाही, म्हणून मुख्य रोजकीर्दीत.

रकाने दराप्रमाणे पाडल्याचं चीज सप्टेंबरात झालं. २२ सप्टेंबर २०२५ला ठिबक आणि तुषारच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पीव्हीसी पाइप १८ वरच राहिला. मी त्या दिवशी विक्री पुस्तकात लाल रेघ मारली, रकान्याचं शीर्षक बदललं आणि पुढे लिहीत गेले. महिन्याचं विवरणपत्र भरायच्या वेळी १२ टक्क्यांची बेरीज रेघेच्या वर आणि ५ ची खाली तयार होती.

परतीच्या पुस्तकाला त्याहून जास्त मान द्यावा लागतो. आमच्याकडे शेतकरी पाइपलाइन टाकून झाली की उरलेले कपलर, एल्बो, बेंड पोत्यात भरून आणून टाकतो. त्याला क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम त्याच्या बाकीतून कमी केल्याचा कागद, द्यायची आणि ती परतीच्या पुस्तकात चढवायची. ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांनी विकलेले ड्रिपर ऑक्टोबरात परत आले, तर क्रेडिट नोटही १२ टक्क्यांचीच. म्हणून त्या पुस्तकात मूळ बिलाचा नंबर आणि तारीख हा रकाना हवाच. बाजारात मिळणाऱ्या छापील वहीत तो नसतो, हाताने आखून घ्यावा लागतो.

खरेदी पुस्तकातही मी दोन रकाने वाढवले. एक आयजीएसटीचा, म्हणजे परराज्यातून आलेल्या मालावरच्या जीएसटीचा, कारण काही माल गुजरातहून येतो. दुसरा शेवटच्या तारखेचा. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत, तर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, व्याजासह उलटवावं लागतं. बिल चढवतानाच ती तारीख लिहून ठेवली की कोणाचे पैसे आधी द्यायचे याचा वाद उरत नाही.

रोख पुस्तक तीन रकान्यांचं आहे: रोख, बँक, सूट. यूपीआयने आलेली प्रत्येक रक्कम बँकेच्या रकान्यात जाते. क्यूआर कोडवर आलेले पैसे रोखीत लिहिले तर संध्याकाळी गल्ला कधीच जुळणार नाही. गल्ल्यातले पैसे बँकेत भरले की प्रत्यंतर नोंद, म्हणजे तीच रक्कम रोख पुस्तकाच्या दोन्ही बाजूंना, आणि ती खतावणीत जात नाही. चहा, हमाली, टेंपोचं भाडं यांसाठी पोराकडे आठवड्याला २,००० दिलेले असतात. त्याने १,६४० खर्च केले तर चिठ्ठ्या घेऊन तेवढेच परत द्यायचे, म्हणजे त्याच्याकडे पुन्हा २,००० होतात.

खतावणीवर मात्र माझा सगळ्यात जास्त जीव आहे. आमची उधारी उसाच्या हप्त्यावर फिरते. कारखान्याचा पहिला हप्ता जमा झाला, की माणसं येतात आणि विचारतात, "वहिनी, आमच्या पानावर किती दिसतंय?" पान उघडून समोर ठेवते. कोणत्या तारखेला कोणतं बिल, मध्ये किती भरले, किती माल परत केला, सगळं एका नजरेत. पूर्वीच्या वहीत हेच शोधायला वर्षभराची पानं मागे चाळावी लागायची, आणि तोवर समोरच्याच्या चेहऱ्यावर शंका यायची. आता वाद होत नाहीत असं नाही, पण होतात ते एखाद्या बिलावर, माणसाच्या सचोटीवर होत नाहीत.

महिनाअखेरीला सगळ्या गिऱ्हाइकांच्या बाक्यांची बेरीज करते आणि ती एकूण ऋणको खात्याशी, म्हणजे सगळ्या उधारीच्या एकत्र खात्याशी, लावते. जुळली की तेरीज काढायची, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाक्यांची बेरीज जुळते का बघायचं. फरक आला तर आधी त्याला ९ ने भागून बघा. पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता मोठी: ४,५०० च्या जागी ५,४०० पडले की फरक ९०० येतो. नाही सापडलं, तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधा, ती नावेच्या जागी जमा किंवा जमेच्या जागी नावे पडलेली असू शकते.

तेरीज एक गोष्ट पकडत नाही: एकाची रक्कम दुसऱ्याच्या पानावर चढणं. बेरीज तरीही जुळते. एकाच गावात एकाच नावाची आणि आडनावाची दोन माणसं असतात, म्हणून पानाच्या माथ्यावर वडिलांचं नाव, मळा आणि मोबाईलचे शेवटचे चार आकडे लिहिलेच पाहिजेत.

आता कमतरता. गोदामात किती कपलर शिल्लक आहेत हे या वह्या सांगत नाहीत, त्यासाठी मालाची नोंदवही वेगळी. रोज संध्याकाळी एका माणसाने बसून खतवणी करावीच लागते, दोन दिवस टाळलं की तिसऱ्या दिवशी डोकं धरायची पाळी येते. विवरणपत्र भरायला आमचे सीए टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअरच वापरतात. पण त्यांच्याकडे मी आता जुळवलेल्या बेरजा पाठवते, बिलांचा गठ्ठा नाही, आणि टॅलीतला आकडा चुकला तर तो मला लगेच दिसतो.

वह्या घेताना जाड कागदाच्या, शिवलेल्या बांधणीच्या घ्या. जीएसटीच्या नियमाने हिशेबाची पुस्तकं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात आणि चिकटवलेल्या बांधणीची पानं तोवर सुटी होतात. खतावणीत जुन्या मोठ्या गिऱ्हाइकाला चार पानं सोडा, नव्याला एक.

निव्वळ रोखीचा धंदा असेल, उधारी नसेलच, तर एवढा पसारा मांडू नका. तुम्हाला रोख पुस्तक आणि खरेदीचं पुस्तक पुरेल.