‘आई ॲडमिट आहे, तिकिटं मूळ किमतीतच देते’

जे-होपच्या पहिल्या सोलो जागतिक दौऱ्याची यादी आली तेव्हा तिच्यात भारत नव्हता. नसणारच होता. सोल, ब्रुकलिन, शिकागोजवळचं रोझमाँट, मेक्सिको सिटी, सॅन अँटोनिओ, ओकलंड, लॉस एंजेलिस. मग आशियात मनिला, सैतामा, सिंगापूर, जकार्ता, बँकॉक, मकाऊ, तैपेई, ओसाका. आपल्याकडची मंडळी ही यादी विमानभाड्याच्या हिशेबानं वाचतात. म्हणजे सिंगापूर किंवा बँकॉक, बाकीची गावं नुसती वाचायला. आमच्यासाठी तर प्रश्नच नव्हता, कारण माझ्या नणंदबाई सिंगापुरात पुंगोलला राहतात. 26 आणि 27 एप्रिल 2025, सिंगापूर इनडोअर स्टेडियम. राहण्या-जेवणाची चिंता मिटली होती, तिकिटं तेवढी हवी होती.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बीटीएस या सात जणांच्या कोरियन गटातला हा रॅपर आणि अव्वल नाचणारा, ग्वांगजू शहरातला. 2022 मध्ये शिकागोच्या लोलापालूझा महोत्सवात त्यानं मुख्य मंचावर शेवटचा, मानाचा कार्यक्रम एकट्यानं केला. 2023 च्या एप्रिलमध्ये सक्तीच्या लष्करी सेवेत गेला, ऑक्टोबर 2024 मध्ये बाहेर आला आणि 28 फेब्रुवारी 2025 ला सोलमधून दौरा सुरू केला. गटातले बाकीचे बहुतेक तेव्हा अजून गणवेशातच होते. त्यामुळे सातही जणांचे चाहते एकाच माणसाच्या तिकिटांवर तुटून पडले होते. इनडोअर स्टेडियममध्ये मावतात साधारण बारा हजार माणसं. फसवणाऱ्यांचं दुकान चालतं ते या गर्दीवर.

माझी भाची नाशिकला शिकते, मी पुण्यात नोकरी करते, आणि आर्मी, म्हणजे बीटीएसच्या चाहत्या, आम्ही दोघीही आहोत. (चाळिशीच्या बाईनं हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग ‘मुलीसाठी का?’ विचारतात. नाही, माझ्यासाठी.) आधी विक्री होते ती वीव्हर्स या चाहत्यांच्या ॲपवर सशुल्क सभासद असलेल्यांसाठी. पण नुसतं सभासद असून भागत नाही, प्रीसेलसाठी ठरलेल्या मुदतीत वेगळी नोंदणी करावी लागते. भाचीकडे सभासदत्व होतं, नोंदणी राहिली. सर्वसाधारण विक्रीच्या दिवशी रांगेत आमच्यापुढे जो आकडा दिसला, तो पाहून सप्टेंबर 2024 मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमासाठी ताटकळलेले सगळे आठवले. आमचा नंबर आला तेव्हा सगळं संपलं होतं.

त्यानंतर भारतीय चाहत्यांच्या एका टेलिग्राम गटात एक निरोप आला. इंग्रजीत होता, मतलब असा: आईला अचानक ॲडमिट करावं लागलंय, मी जाऊ शकत नाही, 26 तारखेची शेजारशेजारची दोन तिकिटं आहेत, मूळ किमतीतच देणार, काळाबाजार करणाऱ्यांनी लांब राहा, फक्त खऱ्या आर्मीलाच.

तेव्हा बाजारात दुपटी-तिपटीचे भाव सुरू होते. कुणी दुप्पट मागितले असते तर आम्ही दहा वेळा विचार केला असता. ‘मूळ किंमत’ म्हटल्यावर उलट आम्हालाच घाई झाली, कारण हे वाचून आणखी शंभर जणी धावणार हे दिसत होतं.

भाचीनं निरोप पाठवला, तर पलीकडून प्रश्न आले. तुमचा बायस, म्हणजे गटातला सगळ्यात आवडता, कोण? किती वर्षांपासून? सभासदत्वाचा स्क्रीनशॉट दाखवा. लाइटस्टिकचा (कार्यक्रमात हलवायच्या दिव्याच्या कांडीचा) तुमच्या हातातला फोटो पाठवा. आम्हाला काळाबाजारवाल्यांच्या हाती तिकिटं जाऊ द्यायची नाहीत, म्हणून विचारते, राग मानू नका. आणि आम्ही दोघी तासभर स्वतःला सिद्ध करत बसलो! शेवटी ‘ठीक आहे, तुम्हालाच देते’ असं आलं तेव्हा आम्हाला चक्क निवड झाल्यासारखं वाटलं. विकणारीची चौकशी आम्ही करायची, तर तिनंच आमची केली. हा डाव मी यापूर्वी कुठे वाचला नव्हता, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे. तुमची परीक्षा घेणारा विक्रेता भेटला तर आधी त्याला बसवा परीक्षेला.

आम्ही काहीच तपासलं नाही असं मात्र नाही. तिचं टेलिग्राम खातं चार-पाच वर्षांचं जुनं होतं. फोटोकार्डांचे (अल्बमसोबत येणाऱ्या कलाकारांच्या छोट्या कार्डांचे) फोटो, वाढदिवसाला केलेला केक, ग्रुप ऑर्डरचे प्रूफ्स, सगळं होतं. इथे थोडं थांबून सांगायला हवं. कोरियन अल्बम आणि वस्तू एकेकट्यानं मागवल्या की टपालखर्च आणि कस्टम्स ड्यूटी मिळून कंबर मोडते, म्हणून आपल्याकडच्या मुली ग्रुप ऑर्डर करतात. एकजण सगळ्यांचे पैसे गोळा करते, एकत्र मागवते, मग घरोघरी कुरिअर करते. गुवाहाटीच्या नाहीतर कोचीच्या, कधी न पाहिलेल्या मुलीला यूपीआयनं तीन-चार हजार पाठवायचे आणि दोन महिने वाट बघायची, हे आमच्यात रोजचं आहे, आणि बहुतेक वेळा वस्तू व्यवस्थित घरी येते. ‘अनोळखी माणसाला पैसे पाठवलेच कसे?’ असं मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. त्यांना हे ठाऊक नाही की हा सगळा व्यवहारच अनोळखी माणसांच्या भरवशावर चालतो.

खातं खरं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. म्हणजे ते उघडलं होतं एका खऱ्या मुलीनं, पण काही महिन्यांपूर्वी ते तिच्या हातून गेलं होतं. कुणीतरी ‘माझ्यासाठी मतदान कर’ म्हणून लिंक पाठवली, तिनं आलेला कोड टाकला, आणि खातं दुसऱ्याचं झालं. तिचे जुने फोटो, तिच्या मैत्रिणी, तिची पत, सगळं आयतं मिळालं. त्यामुळे ‘खातं जुनं आहे का’ ही कसोटी आता कामाची नाही. बघायचं ते गेल्या दोन-तीन महिन्यांत तिच्या लिहिण्याची भाषा बदलली का, ओळखीच्या मुली तिच्याशी अजून बोलतात का, आणि तिला दुसऱ्या कुठल्या मार्गानं गाठता येतं का. आम्ही तिला दुसऱ्या ॲपवर शोधलं असतं तर ‘माझं टेलिग्राम खातं चोरीला गेलंय’ ही तिची पोस्ट तिथे सापडली असती.

व्हिडिओ कॉल मागितला, तर ‘आयसीयूबाहेर आहे, इथे बोलता येत नाही’. आई आजारी म्हटल्यावर जास्त रेटणार तरी कसं? त्याऐवजी स्क्रीन रेकॉर्डिंग आलं: तिकीट साइटचं पान, ऑर्डर क्रमांक, रांग, खुर्च्या, सगळं वरखाली सरकवून दाखवलेलं. स्क्रीनशॉट खोटा करता येतो हे आम्हाला माहीत होतं, सरकणारं पानही खोटं करता येतं हे नव्हतं. ब्राउझरमध्ये कुठल्याही पानावरचा मजकूर आपल्या संगणकापुरता बदलता येतो. भाचीच्या वर्गातल्या एका मुलानं नंतर मला बसल्या जागी माझ्या नावाचं पहिल्या रांगेतलं तिकीट करून दाखवलं, आणि ते रेकॉर्डही करून दिलं.

दोन तिकिटांचे 38,000 रुपये, निम्मे आधी, निम्मे ‘ट्रान्सफर’ झाल्यावर. पैसे गेले ते तिच्या जिजाजींच्या म्हणून सांगितलेल्या खात्यात. मग एक मेल आला, लोगोसकट, ‘तुमची तिकिटं हस्तांतरित झाली असून कार्यक्रमाच्या काही दिवस आधी दिसू लागतील’ असं सांगणारा. हे वाक्य फार हुशारीनं निवडलेलं होतं, कारण मोठ्या कार्यक्रमांची ई-तिकिटं खरोखरच कधीकधी शेवटच्या आठवड्यात खुली करतात. म्हणजे तिकीट दिसत नाही याची शंका घ्यायलाही जागा नाही. पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडला असता तर तिथे भलतंच काहीतरी होतं. उरलेले पैसे त्याच रात्री गेले.

पुढची मागणी आली ‘नावबदल शुल्क’ म्हणून, प्रत्येकी 6,500 रुपये, नंतर परत मिळणारे. तिथे माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. परत मिळणारं शुल्क म्हणजे काय? ते आम्ही भरलं नाही. पण त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला हवा होता, आणि ‘ती बिचारी दवाखान्यात असेल, उगाच पोलिसांत कशाला’ या विचारात काही आठवडे गेले. पहिले काही तास सगळ्यात मोलाचे असतात. 1930 वर तक्रार झाली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेपर्यंत निरोप जातो आणि शिल्लक असेल तेवढी रक्कम गोठवतात. आमचे पैसे तोवर तीन-चार खात्यांतून फिरून बाहेर पडले होते.

टेलिग्रामवरचं ते खातं गायब झालं त्यानंतरची गोष्ट जास्त चीड आणणारी. गटात मी लिहिलं की असं असं झालंय, तर लगेच एका ‘मुलीचा’ खासगी निरोप आला. माझेही गेले होते ताई, पण एका सायबर तज्ज्ञानं परत मिळवून दिले, त्यांची फी फक्त अमुक. मेलेल्याचं कफन चोरणारी जात. फसलेल्यांच्या याद्यासुद्धा विकल्या जात असाव्यात असं मला आता वाटतं. पैसे परत मिळवून देण्यासाठी आगाऊ फी मागणारा कुणीही असो, तो त्याच टोळीतला समजा.

सायबर पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी मात्र नीट ऐकून घेतलं. ‘हा जे-होप कुठे राहतो?’ असं विचारलं, तो आरोपी नाही हे समजावण्यात थोडा वेळ गेला, पण तक्रार व्यवस्थित लिहून घेतली. हसणारे भेटले ते घरातच. ‘कोरियन पोरांच्या नादी लागल्यावर दुसरं काय होणार’ हे वाक्य मी निरनिराळ्या नातेवाइकांकडून ऐकलं. यांच्यापैकी एकानं प्लॉटच्या बुकिंगमध्ये माझ्या दसपट घालवलेत. त्यांना कुणी जमिनीच्या नादाबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही.

व्हिसा आणि विमानाचं झालेलं होतं, म्हणून आम्ही सिंगापूरला गेलोच. नणंदबाईंच्या ओळखीतून सभासद असलेल्या एका मुलीचं सुटं तिकीट प्रत्यक्ष भेटून, तिच्या स्वतःच्या फोनवर लॉगिन झालेलं पाहून मिळालं, त्यावर भाची आत गेली. मी बाहेर थांबले. तिथे बेंगळुरूहून आलेल्या दोघी भेटल्या. त्यांच्याकडे तिकिटाची पीडीएफ होती, बारकोडही खरा होता, पण दारावर यंत्र म्हणालं की हा आधीच वापरला गेलाय. एकच खरं तिकीट पाच-दहा जणांना विकायचं. जो आधी पोचेल तो आत, बाकीचे रस्त्यावर. त्यांना तर शेवटच्या मिनिटापर्यंत काही कळायला मार्ग नव्हता. सिंगापूरला हे नवीन नाही. 2024 मध्ये टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमांच्या वेळी तिथे तिकिटांच्या नावाखाली इतकी फसवणूक झाली की जुन्या वस्तूंच्या एका मोठ्या संकेतस्थळानं तिकिटांची विक्रीच काही काळ बंद ठेवली होती.

हे आता लिहिण्याचं कारण म्हणजे सातही जण लष्करातून परतले आहेत, आणि त्यांची कंपनी हाइब हिनं 2025 मध्ये मुंबईत आपली भारतीय कंपनी सुरू केल्यापासून ‘इंडिया शो’च्या अफवांना ऊत आला आहे. ‘आगाऊ नोंदणी, 499 रुपये’ असे फॉर्म मी स्वतः पाहिले. कार्यक्रम जाहीर होण्याआधी त्याची नोंदणी कुणीच घेत नाही. आणि गेल्या महिन्यात दुसऱ्या एका गटात भाचीला तोच निरोप पुन्हा दिसला. आई ॲडमिट, शेजारशेजारची दोन तिकिटं, फक्त खऱ्या आर्मीला. शहर आणि तारीख तेवढी बदललेली, स्वल्पविरामसुद्धा जिथल्या तिथे.

आमच्या 38,000 पैकी 4,200 रुपये एका खात्यात अडकलेले सापडले आहेत, ते सुटावेत म्हणून न्यायालयात अर्ज केलेला आहे. असाच मजकूर येऊन तुमचेही पैसे गेले असतील तर रक्कम दोन हजार असली तरी तक्रार करा, चॅट पुसू नका, यूटीआर क्रमांक (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक) जपून ठेवा. मैत्रिणीनं केलीय म्हणून आपली सोडू नका. एकाच खात्यावर वेगवेगळ्या जिल्ह्यांतून तक्रारी आल्या की ती प्रकरणं जोडता येतात, असं हवालदार म्हणाले. आमचे पैसे ज्या खात्यात गेले त्यावर तोवर आमची एकटीचीच होती.