काँक्रीटसाठीचं अल्कलाइन डीग्रीझर: घ्या, पण लेबलवरची शेवटची सूचना पाळू नका

पाचपैकी साडेतीन स्टार. ब्रँडचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण तेल-ग्रीस काढणाऱ्या या प्रकारच्या बाटल्यांच्या मागचा घटकांचा तक्ता वाचलात तर बहुतेकांची गोष्ट साधारण एकच असते: पाणी, सोडियम हायड्रॉक्साइड नाहीतर मेटासिलिकेट, सर्फॅक्टंट (साबणासारखा फेस करणारा घटक), आणि ग्लायकॉल इथरसारखं एखादं सॉल्व्हंट, म्हणजे तेल विरघळवणारं द्रव. फरक रंगात, वासात आणि पुढच्या बाजूला छापलेल्या चकाचक फोटोत.

माझ्याकडे गाडीखालच्या कोब्यावर दोन डाग होते. एक ताजा, ऑइल बदलताना सांडलेला. दुसरा जुनाट, काळाकुट्ट, गाडी रोज त्याच जागी उभी राहते आणि सील थेंब थेंब गळतं म्हणून थरावर थर चढलेला, वर धूळ बसून पार डांबरासारखा झालेला. दोन्हीवर तीच बाटली वापरली आणि निकाल इतका वेगळा आला की फक्त "भारी आहे" किंवा "फालतू आहे" असं एका शब्दात सांगताच येत नाही.

आधी ताज्या डागाचं. इथे डीग्रीझर उघडायच्या आधीच अर्धं काम होऊन जातं. सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा किंवा मांजरासाठी मिळते ती मातीची कॅट लिटर पसरायची, बुटाच्या टाचेने नीट रगडून चुरा करायचा, काही तास तशीच ठेवायची आणि मग झाडून गोळा करायची. पाईप लावून पाणी मारायचं नाही, तेल पाण्यावर तरंगत चारी बाजूंनी पसरतं आणि वाटीएवढा डाग परातीएवढा होतो. भुशानंतर जे उरलं होतं ते डीग्रीझरने एका फेरीत गेलं, वाळल्यावरसुद्धा काही दिसलं नाही. या कामाला पाचपैकी पाच, वाद नाही.

जुन्या डागाकडे येण्याआधी एक गोष्ट, कारण दुकानात बाटल्या लावलेल्या असतात तेव्हा लोक पीएच (क्षार किती जहाल ते सांगणारा आकडा) बघतात आणि सगळ्यात जहाल ती उचलतात. क्षार म्हणजे अल्कली, तो वनस्पती तेलाचा किंवा प्राण्यांच्या चरबीचा साबण करतो, खरंय. पण इंजिन ऑइल खनिज तेल आहे, नाहीतर सिंथेटिक, त्यातल्या हायड्रोकार्बनचा साबण होत नाही म्हणजे होत नाही. तिथे तेलाचे बारीक बारीक कण करून पाण्यात धरून ठेवायचं काम सर्फॅक्टंट करतो, क्षार फक्त हातभार लावतो, मळ सुटा करतो. त्यामुळे पीएच १३ ची बाटली १२ वालीपेक्षा इंजिन ऑइलवर सरस ठरेलच असं नाही, हात भाजायची शक्यता मात्र नक्की जास्त.

आता वापर. लेबलवर पातळ करायचं प्रमाण दिलेलं असतं, जड डागाला कमी पाणी, ते ठीकच आहे. पाणी गरम घ्या, तेल पातळ होतं आणि लवकर सुटतं. उन्हात करू नका, द्रावण वाळलं की काम थांबलं आणि वर पांढरा थर बसला. १५ ते २० मिनिटं डाग सतत ओला राहिला पाहिजे, सुकायला लागला की अजून थोडं ओता. घासायला नायलॉनचा कडक ब्रश घ्या, लोखंडी तारेचा अजिबात नको, त्याचे तुटलेले तुकडे छिद्रांत अडकतात आणि पुढे गंजाचे तांबूस ठिपके उठतात, म्हणजे तेल गेलं आणि गंज आला. ब्रश फिरवायला लागलं की पांढरा फेस आधी मातकट होतो, मग काळपट, आणि ब्रशच्या केसांच्या बुडाशी चिकट काळी राळ जमते. हे दिसलं की समजायचं माल सुटतोय.

आणि इथेच लेबल म्हणतं "भरपूर पाण्याने धुऊन टाका". माझा अर्धा स्टार या एका ओळीने खाल्ला.

अहो, तो काळा फेस म्हणजेच तुमचं तेल आहे! त्यावर पाईप सोडला की ते सगळं शेजारच्या स्वच्छ काँक्रीटवरून वाहत जातं, पातळ होऊन तिथल्या छिद्रांत मुरतं आणि दुसऱ्या दिवशी डागाभोवती फिकट राखाडी कडं दिसतं, वर उरलेलं सगळं पावसाच्या पाण्याच्या गटारात, तिथून थेट ओढ्या-नदीत. त्यापेक्षा फेसावरच भुसा किंवा कॅट लिटर टाका, ते सगळं पिऊन घेऊ दे, सुपडीने उचला आणि पिशवीत बांधा, ओलं ओढून घेणारा व्हॅक्यूम असेल तर अजून छान. उचलून झाल्यावर मग थोड्या पाण्याने धुवा, क्षाराचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत, आणि तेही पाणी तसंच टिपून घ्या. त्याच बाटलीने, त्याच डागाच्या दोन भागांवर दोन्ही पद्धती करून बघितल्या आणि उचलून घेतलेला भाग स्पष्ट उजळ निघाला.

तरी जुना डाग पूर्ण गेला का, तर नाही. वरचा काळा थर गेला, खाली सावली राहिली. ओलं असताना काही कळत नाही कारण ओलं काँक्रीट सगळंच गडद दिसतं, पूर्ण वाळू द्या आणि मगच निकाल लावा. पाण्याचे चार थेंब टाकून बघा: थेंब गोल राहिला तर आत अजून तेल आहे, पटकन जिरला तर तेल बऱ्यापैकी निघालंय आणि जे दिसतंय तो बहुतेक काजळीचा रंग आहे. वापरलेलं ऑइल काळं असतं ते इंजिनातल्या काजळीमुळे, ती कार्बन आहे आणि ब्लीच टाकून कार्बन पांढरा होत नाही, म्हणून तो सल्ला कोणी दिला तर सोडून द्या.

दुसऱ्या फेरीत थोडा फरक पडला, पुढे बाटलीचा उपयोग संपला. काँक्रीटमध्ये केसाहून बारीक वाटा असतात, तेल त्यातून आत ओढलं जातं, आणि वरून ओतलेलं डीग्रीझर वरच्या वरच काम करतं. आतलं वर आणायचं तर लेप लावावा लागतो. मुलतानी माती किंवा डायटोमाइट पावडर (तीही तशीच तेल शोषणारी) मिनरल टर्पेंटाइनमध्ये, म्हणजे रंग पातळ करायच्या सॉल्व्हंटमध्ये, कालवून जाडसर, साधारण अर्धा ते एक सेंटिमीटरचा थर डागावर आणि डागाच्या कडेबाहेरही थोडा द्यायचा, वर प्लास्टिक अंथरून कडा चिकटपट्टीने बंद करायच्या, २४ तास ठेवायचं. मग प्लास्टिक काढून लेप वाळू द्यायचा, हे विसरायचं नाही, कारण सॉल्व्हंट उडून जाताना तेल पावडरीत ओढलं जातं, खरं काम त्याच वेळी होतं. खरवडताना खपलीची खालची बाजू पिवळट-तपकिरी निघाली, वरची जवळपास कोरी. बाटलीला जे जमलं नाही ते या मातीने केलं. सॉल्व्हंट ज्वलनशील आहे, तेव्हा बंद गॅरेजमध्ये नको, गीझरच्या ज्योतीजवळ नको, सिगारेटवाल्याला लांब ठेवा.

ॲसिडबद्दल दरवेळी कोणीतरी विचारतंच. ॲसिड सिमेंट खातं, तेल नाही. तेलाने माखलेल्या भागाला ते धड लागतही नाही, आजूबाजूचा चांगला कोबा मात्र खरबरीत होतो. व्हिनेगरचंही तेच, फक्त हळू. प्रेशर वॉशर चालेल पण पंख्यासारखी धार पाडणारा नोझल लावून आणि अंतर ठेवून, जवळ नेला की वरची सिमेंटची साय उडून खडी उघडी पडते, मग तो पट्टा कायमचा. तेल खाणाऱ्या बॅक्टेरियाची पावडरही मिळते, ती हळू चालते, आठवडे लागतात आणि जागा ओलसर ठेवावी लागते, घाई नसेल तर वाईट नाही.

बाटलीच्या अजून दोन तक्रारी. स्प्रेचा तुषार उलटा तोंडावर येतो, आणि क्षार डोळ्यांना फार वाईट, त्यामुळे चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडू नका. मी तर स्प्रे काढून टाकून सरळ ओतूनच वापरलं. दुसरं, ॲल्युमिनियमला हे लागू देऊ नका असं बारीक अक्षरात मागे लिहिलंय, ते खरं तर पुढे ठळक पाहिजे होतं, कारण गाडी शेजारीच उभी असते आणि अलॉय व्हीलवर उडालं तर चट्टे पडतात. ॲल्युमिनियमच्या बादलीत कालवायचंही नाही, प्लास्टिकची घ्या.

डांबरी जागा असेल तर वरचा सॉल्व्हंटचा लेप विसरा, तेल राहील बाजूला आणि डांबरच विरघळेल. रंगीत किंवा सीलर (पाणी-डाग आत मुरू नयेत म्हणून मारतात ते) मारलेल्या काँक्रीटवर हे डीग्रीझर आधी कोपऱ्यात थेंबभर लावून बघा. साफ करून झाल्यावर सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचं आत मुरणारं सीलर मारायचा विचार असेल तर कोबा पूर्ण कोरडा झाल्यावरच मारा, क्षाराचा अंश राहिला तर नीट मुरत नाही. आणि पाच लिटरचा कॅन घ्यायच्या भानगडीत पडू नका, एक लिटरची बाटली आणि सोबत मुलतानी मातीची मोठी पिशवी, एवढं एका गाडीच्या जागेला पुरतं.