स्टेंट की नॅनो-औषधाचा फुगा? दोन्ही घेतलेल्याचं मत

माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी धातूची जाळी, कायमचा मुक्कामाला आहे, आणि वाहिनी रुंद करून भिंतीला औषध लावणारा एक औषधी फुगा मिनिटभर येऊन गेलाय. अँजिओग्राफी झाल्यावर डॉक्टर "दोन्ही चालेल, बघा" म्हणाले की घरात किती डोकी किती बोलतात ते अनुभवलंय, म्हणून हे लिहितोय.

वाहिनी पुन्हा अरुंद होऊ नये म्हणून दोन्हींवर लावलेलं औषध बऱ्याचदा एकाच घराण्यातलं असतं. सिरोलिमस, ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं. स्टेंटची जाळी तिथेच राहते, त्यामुळे तिच्यावरून ते सावकाश झिरपतं. फुग्याला तेवढी सवड नाही, आणि सिरोलिमस भिंतीला चटकन चिकटणारं नव्हे. म्हणून सुरतेच्या कन्सेप्ट मेडिकलच्या मॅजिकटच फुग्यात ते फॉस्फोलिपिडच्या नॅनोकणांत गुंडाळलेलं असतं. केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी बारीक असे हे स्निग्ध कण भिंतीत शिरतात, आणि फुगा निघून गेल्यावरही औषध सोडत राहतात.

आता माझं दुखणं. ॲटॅकनंतर मुख्य वाहिनीत स्टेंट टाकला आणि जाळीवर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या वर्षभर मागे लागल्या. दाढी करताना जरा ब्लेड लागलं की तुरटी फिरवत आरशासमोर उभा. टेबलाचा कोपरा लागला की मांडीवर जांभळा डाग. त्यात चौथ्या महिन्यात दाढ ठणकायला लागली. दातांचे डॉक्टर म्हणाले, हृदयवाल्यांची चिठ्ठी आणा. हृदयवाले म्हणाले, गोळी एक दिवसही चुकवायची नाही, वर्ष होऊ द्या. उरलेले आठ महिने मी लवंगेच्या तेलावर आणि एका बाजूने चावून काढले.

पुढे एका बारीक फांदीत, सव्वादोन मिलिमीटरच्या, ब्लॉकेज निघालं तेव्हा मी फुगा मागितला. फुगवलेला असताना छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण दोन गोळ्या एकच महिना, मग नुसती ॲस्पिरिन. शिवाय आत धातू नाही. उद्या तिथेच काही करायची वेळ आली तर जागा मोकळी.

खिशाला मात्र फुगा लागला. औषधी स्टेंटची किंमत सरकारने २०१७ मध्ये २९,६०० रुपयांवर बांधली. माझ्या बिलात फुगा त्याच्या बराच वर होता. आणि ऐन ॲटॅकमध्ये, मोठ्या वाहिनीत किंवा चुन्याने दगड झालेल्या ब्लॉकेजमध्ये स्टेंटवाल्या डॉक्टरांशी मी तरी वाद घालणार नाही. पण बारीक वाहिनी असेल, घाई नसेल, किंवा वर्षभरात हर्नियाबिर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं असेल, तर फुग्याचं एकदा विचाराच.

फुगवताना भिंत जास्त फाटली तर स्टेंट टाकावाच लागतो; संमतीपत्रावर तशी ओळ असते. तिच्याखाली सही करताना माझी जीभ आपोआप त्या दाढेच्या रिकाम्या जागेवर गेली होती.