स्वयंपाकघराचं फर्निचर: सुतार की मॉड्युलर?

मॉड्युलरवाले माप घेऊन जातात आणि कारखान्यात कापलेले कप्पे दोन-चार दिवसांत बसवून देतात. घरात भुसा नाही, कडेची पट्टी मशीनवर चिकटवलेली, काम सफाईदार. पण आतला बोर्ड कोणता, हे विचाराच. सिंकखाली पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा गोंदाने दाबून केलेला) असला तर पाणी मुरून तो फुगतो, बिजागरीचे स्क्रू सैल होतात आणि पुन्हा नीट धरत नाहीत.

सुताराचं काम लांबतं, धूळ सोसावी लागते. मात्र आयएस ७१० शिक्क्याचं (म्हणजे पाण्यात टिकणारं, मरीन दर्जाचं) १८ मिमी प्लायवूड आपण स्वतः दुकानातून निवडून आणतो, आणि जुन्या घराच्या वाकड्या भिंतीशी तो जागेवरच रंधा मारून फळी जुळवतो. कोकणातल्या दमट हवेत ओटा-सिंकखालचं काम मी सुताराकडूनच करून घेईन. मुलांच्या खोलीतल्या कपाटाला मॉड्युलर चालेल.